जुन्या विज्ञान-मासिकांची मुखपृष्ठं कशी वाचावीत: चित्रातल्या यंत्राचा माग काढण्याची पद्धत

'रेडिओ न्यूज' या अमेरिकी मासिकाच्या एप्रिल १९२४ च्या मुखपृष्ठावर एक मुलगा रेडिओसारख्या यंत्रासमोर बसून जीभ बाहेर काढून दाखवतो आहे आणि यंत्राच्या पडद्यातून डॉक्टर त्याला तपासताहेत. शेजारी छापलंय: 'रेडिओ डॉक्टर – कदाचित!' अमेरिकेत नियमित रेडिओ प्रक्षेपण सुरू झालं १९२० च्या नोव्हेंबरात. जॉन लोगी बेअर्ड यांनी दूरचित्रवाणीचं प्रात्यक्षिक दाखवलं २६ जानेवारी १९२६ ला. म्हणजे हे चित्र छापलं गेलं तेव्हा घरोघरी रेडिओसुद्धा नवा होता आणि दूरवरचा माणूस त्याच क्षणी घरातल्या पडद्यावर चालताबोलता कुणी पाहिलेला नव्हता.

अशी चित्रं आज मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यांवर दोनच प्रतिक्रिया येतात: 'बापरे, यांना तेव्हाच कळलं होतं!' किंवा 'काय एकेक कल्पना!' दोन्हींत चित्र न वाचताच पुढे सरकवलं जातं. माझं ठाम मत आहे की या मुखपृष्ठांवरची यंत्रं सहसा हवेतून आलेली नसतात. बहुतेकांच्या मागे एखादं चालणारं उपकरण असतं, दाखल झालेलं पेटंट असतं, नाहीतर त्या वर्षातली बातमी असते. चित्रकार त्या बीजाला मोठं करतो, त्यात माणसं घालतो, आकाश पिवळं रंगवतो. ते बीज शोधून काढणं हाच या छंदातला खरा आनंद आहे आणि त्यासाठी इंटरनेट, शाळेतलं भौतिकशास्त्र आणि थोडी चिकाटी एवढंच लागतं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी एक मासिक आणि एक काळ ठरवा

हजार चित्रं फोल्डरमध्ये भरून ठेवण्यापेक्षा एका मासिकाची तीन-चार वर्षं नीट पाहिली तर जास्त हाती लागतं. कारण सलग अंक पाहिले की कोणती कल्पना पुन्हा पुन्हा येते, कोणती एकदाच चमकून जाते, हे आपोआप दिसायला लागतं.

सुरुवात करायला सगळ्यात श्रीमंत दालन म्हणजे ह्यूगो गर्न्सबॅक यांची मासिकं. गर्न्सबॅक मूळचे लक्झेंबर्गचे, १९०४ मध्ये अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमध्ये विजेचे आणि बिनतारी संदेशाचे सुटे भाग टपालाने विकू लागले. त्या धंद्याच्या कॅटलॉगमधूनच १९०८ मध्ये 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक उभं राहिलं. १९१३ मध्ये 'इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर' आलं, ऑगस्ट १९२० पासून त्याचं नाव 'सायन्स अँड इन्व्हेन्शन' झालं आणि १९३१ पर्यंत ते चाललं. निकोला टेस्ला यांचं आत्मकथन १९१९ मध्ये याच 'इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर'मध्ये क्रमशः छापून आलं. एप्रिल १९२६ मध्ये गर्न्सबॅक यांनी फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं 'अमेझिंग स्टोरीज' काढलं. हा मालक भाग विकणारा, संपादक आणि स्वप्नं रंगवणारा असा तिन्ही एकत्र होता, हे पुढे प्रत्येक मुखपृष्ठ पाहताना लक्षात ठेवा.

दुसरं दालन 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चं. हेन्री हेवन विंडसर यांनी ते १९०२ मध्ये शिकागोत सुरू केलं. कारखान्यात काम करणाऱ्यालाही समजेल असं लिहायचं, हा त्यांचा बाणा. 'पॉप्युलर सायन्स' त्याहून जुनं, १८७२ चं. पण त्याची पहिली चार दशकं विद्वत्तापूर्ण लेखांची आहेत. १९१५ मध्ये ते नाव दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं आणि मग ते आपल्याला हवं तसं यंत्रांचं, चित्रांचं मासिक झालं. तेव्हा १९१५ च्या आधीचे अंक चाळून निराश होऊ नका. भडक आणि धाडसी मुखपृष्ठं हवी असतील तर फॉसेट प्रकाशनाचं, १९२८ मध्ये सुरू झालेलं 'मॉडर्न मेकॅनिक्स' पाहा. पुढच्या दहा वर्षांत त्याने नाव इतक्या वेळा बदललं (शेवटी १९३८ मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड') की शोधताना सगळी नावं घालून पाहावी लागतात.

अमेरिकेबाहेर जायचं असेल तर सोव्हिएत रशियातलं, १९३३ पासूनचं 'तेखनिका मोलोद्योझी' आहे. रशियन वाचता आलं नाही तरी त्याची मुखपृष्ठं पाहण्यासारखी आहेत. मराठीत 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचं. आणि किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले होते. पुढे सांगितलेली पद्धत या मासिकांनाही जशीच्या तशी लागू पडते.

अंक मिळवा, नुसतं चित्र नको

हा टप्पा चुकला की पुढचं सगळं काम फुकट जातं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्राला ना पान क्रमांक असतो ना लेख. म्हणून चित्र आवडलं की पहिलं काम: ते ज्या अंकातलं आहे तो संपूर्ण अंक शोधायचा.

इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात गर्न्सबॅक यांच्या मासिकांचे खूप अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत आहेत. रेडिओ आणि विजेशी संबंधित मासिकांसाठी 'वर्ल्ड रेडिओ हिस्टरी' हे संकेतस्थळ तर खजिना आहे. तिथे अंक वर्षवार लावलेले आहेत आणि पीडीएफ उतरवून घेता येते. 'पॉप्युलर सायन्स' आणि 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चे कित्येक दशकांचे अंक गूगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात.

एक अडचण मात्र सगळ्यांना येते. ग्रंथालयं वर्षभराचे अंक एकत्र बांधायची तेव्हा बरेचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची. त्यामुळे एखादा बांधीव खंड स्कॅन केलेला असेल तर लेख मिळतात आणि मुखपृष्ठच नसतं. अशा वेळी दोन प्रती वापरा: मुखपृष्ठासाठी एखाद्या संग्राहकाने स्कॅन केलेला सुटा अंक आणि मजकुरासाठी ग्रंथालयाचा खंड. दोन्हींचा महिना-वर्ष जुळतो का, एवढं तपासा.

सध्या आणखी एक काळजी घ्यावी लागते. संगणकाने तयार केलेली खोटी 'जुनी' मुखपृष्ठं भरपूर झाली आहेत. ती ओळखायला सोपं साधन म्हणजे अक्षरं. मासिकाच्या नावाखालचा बारीक मजकूर, किंमत, महिना, कोपऱ्यातली सही मोठी करून पाहा. खऱ्या अंकात ती वाचता येतात. खोट्यात अक्षरांचा लगदा असतो, किंवा त्या साली त्या मासिकाचं नावच वेगळं असतं. '१९१८ चं सायन्स अँड इन्व्हेन्शन' असं कुणी दाखवलं तर वर दिलेल्या सालावरूनच ते फेटाळता येईल.

तारखेबद्दल एक बारकावा: अमेरिकी मासिकं मुखपृष्ठावर छापलेल्या महिन्याच्या आधीच दुकानात यायची. जुलैचा अंक जूनमध्ये विक्रीला, म्हणजे चित्र वसंतात कधीतरी काढलेलं. म्हणून 'जुलैच्या बातमीवरून जुलैचं मुखपृष्ठ' असा तर्क कधीच लावू नका. मूळ बातमी शोधताना तीन ते सहा महिने मागे जा.

मुखपृष्ठ वाचायचा क्रम

चित्र पूर्ण पडद्यावर मोठं करा आणि लगेच यंत्राकडे जाऊ नका. आधी शब्द वाचा. या मासिकांच्या मुखपृष्ठांवर एक ओळ असतेच आणि कितीतरी वेळा 'पान अमुक पाहा' असंही लिहिलेलं असतं. तो पान क्रमांक म्हणजे तुमचा पुढचा रस्ता. 'रेडिओ डॉक्टर'च्या मुखपृष्ठावर 'कदाचित' हा शब्द खुद्द संपादकांनीच छापला आहे. आपण आज त्यांना भविष्यवेत्ते ठरवतो तेव्हा ही सावध भाषा गाळून टाकतो.

मग माणसं पाहा. यंत्र कोण चालवतंय, कोण नुसतं बघतंय, कोण घाबरलंय? त्या काळच्या अमेरिकी मुखपृष्ठांवर कळ दाबणारा जवळपास नेहमी गोरा पुरुष असतो. स्त्री असली तर बहुधा पाहणारी, सोय उपभोगणारी किंवा वाचवली जाणारी. शंभर वर्षांनंतरची विमानं रंगवणाऱ्या चित्रकाराला शंभर वर्षांनंतरचं घर मात्र आपल्या गल्लीतल्यासारखंच दिसत होतं. कपड्यांकडे बघितलं की हे पटकन कळतं: भविष्यातल्या डॉक्टरच्या गळ्यातही १९२५ चीच कॉलर असते.

त्यानंतर यंत्राकडे या आणि स्वतःला साधे प्रश्न विचारा. ऊर्जा कुठून येतेय? वजन कशावर टेकलंय? माणूस आत कसा शिरतो? वळायचं कसं, थांबायचं कसं? चित्रकाराने काय उत्तर दिलंय आणि काय झाकून ठेवलंय ते टिपा. धूर, ढग किंवा प्रवाशांची गर्दी ज्या जागी जास्त असते, नेमकी तिथेच यंत्राची अवघड बाजू लपलेली असते, असं मला वारंवार दिसलं आहे.

शेवटी रंग. लाल, पिवळा, निळा यांचे मोठे सपाट पट्टे हे या मुखपृष्ठांचं वैशिष्ट्य. वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर डझनावारी मासिकं टांगलेली असताना लांबून नजर खेचणं हे या रंगांचं काम होतं. आकाश पिवळं आहे म्हणून 'भविष्यातलं हवामान' वगैरे अर्थ काढत बसू नये.

आतल्या पानावर जा

मुखपृष्ठ आणि आतला लेख यांच्यात जे अंतर असतं, ते मोजणं हा सगळ्यात शिकवणारा भाग आहे. लेख उघडल्यावर पहिली नोंद करा ती त्याच्या जातीची: ही बातमी आहे, संपादकाची कल्पना आहे, कथा आहे की वाचकाने पाठवलेली सूचना? गर्न्सबॅक यांच्या मासिकांत हे सगळं शेजारी शेजारी छापलेलं असतं आणि कथेतलं यंत्र आज 'त्या काळचा शोध' म्हणून खपवलं जातं ते याच गोंधळामुळे.

'रेडिओ डॉक्टर'चंच उदाहरण पुढे नेऊ. दहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९२५ मध्ये, गर्न्सबॅक यांनी 'सायन्स अँड इन्व्हेन्शन'मध्ये हीच कल्पना जास्त तपशिलात मांडली आणि यंत्राला 'टेलिडॅक्टिल' असं नाव दिलं. डॉक्टर पडद्यावर रुग्णाला पाहणार आणि स्वतःच्या हातांच्या हालचालींनी दूरच्या यांत्रिक हातांना चालवणार. तिकडे जे स्पर्शाला लागेल ते इकडे जाणवणार. आधीच्या चित्रात डॉक्टर फक्त पाहत होता, इथे तो चाचपतोही आहे. लेखात हे पन्नास वर्षांनंतरचं यंत्र म्हणून सांगितलं आहे. चित्र एकटं पाहिलं असतं तर काळाचा हा अंदाज आपल्याला कळलाच नसता.

आता मागे जाऊन बीजं शोधा. नेदरलंड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात रुग्णालयातल्या रुग्णांच्या हृदयाचे विद्युत्संकेत सुमारे दीड किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेत तारेवरून आणून नोंदवले होते. एलिशा ग्रे यांना १८८८ मध्ये टेलऑटोग्राफचं पेटंट मिळालं होतं. त्यात एका टोकाला पेन फिरवलं की तारेच्या दुसऱ्या टोकाचं पेन तसंच फिरायचं. हाताची हालचाल तारेवरून पाठवणं ही गोष्ट १९२५ मध्ये सदतीस वर्षं जुनी होती. या बीजांवरून 'टेलिडॅक्टिल' पाहिलं की ते जादूचं वाटत नाही, उपलब्ध गोष्टींची धाडसी बेरीज वाटते. प्रत्यक्षात ७ सप्टेंबर २००१ ला शल्यचिकित्सक जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय यंत्रमानवाच्या साह्याने काढलं. पन्नासऐवजी शहात्तर वर्षं लागली, कारण मधल्या काळात संगणक आणि समुद्राखालची प्रकाशतंतूंची केबल यावी लागली. हे दोन्ही गर्न्सबॅक यांच्या चित्रात कुठेच नाहीत.

'सायन्स अँड इन्व्हेन्शन'च्याच जुलै १९२५ च्या अंकातलं 'आयसोलेटर' हे तर फोटोसह आहे. बाहेरचा आवाज आणि इकडेतिकडे भटकणारी नजर रोखून लेखन-वाचनावर मन लागावं म्हणून डोक्यावर घालायचं मोठं शिरस्त्राण. गर्न्सबॅक स्वतः ते घालून टेबलाशी बसले आहेत. लाकडाचा सांगाडा, त्यावर बुचाच्या झाडाच्या सालीचं अस्तर आणि फेल्ट, डोळ्यांसमोरच्या काचा काळ्या केलेल्या आणि त्यात एकच ओळ दिसेल एवढी फट. आत गुदमरून झोप येऊ नये म्हणून प्राणवायूची नळी. हा फोटो आज बहुतेकदा गंमत म्हणून पाहिला जातो. लेख वाचला तर दिसतं की हा माणूस पहिल्या प्रतीत आवाज पुरेसा अडला नाही म्हणून मध्ये हवेची पोकळी ठेवून दुसरी प्रत करतो, किती टक्के फरक पडला ते नोंदवतो. म्हणजे यंत्र बनलं होतं, वापरून पाहिलं होतं, सुधारलंही होतं.

पेटंट आणि बातम्या यांतून माग काढा

लेखात संशोधकाचं नाव मिळालं की गूगल पेटंट्समध्ये ते नाव आणि यंत्राचा प्रकार घालून शोधा. जुन्या अमेरिकी पेटंटांचा मजकूर यंत्राने वाचून घातलेला असल्यामुळे स्पेलिंगच्या चुका असतात. नाव सापडलं नाही तर फक्त आडनाव आणि साल घालून पाहा. पेटंट क्रमांकावरूनही काळ ताडता येतो. अमेरिकेतलं दहा लाखावं पेटंट ऑगस्ट १९११ मधलं आणि वीस लाखावं एप्रिल १९३५ मधलं. या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी मधल्या काळातला क्रमांक कुठे बसतो याचा अंदाज येतो. पेटंटातल्या आकृतीशेजारी मुखपृष्ठ ठेवा. आकृतीत माणूस नसतो, प्रमाण नसतं. चित्रकाराने ते स्वतः ठरवलेलं असतं, आणि सहसा मोठं ठरवलेलं असतं.

एक माग शेवटपर्यंत काढून दाखवतो, कारण यात आपल्याकडचा एक अनपेक्षित धागा आहे.

एकाच रुळावर दोन्ही बाजूंना काहीही आधार न घेता तोल सावरून धावणारी आगगाडी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या विज्ञान-मासिकांतलं आवडतं दृश्य. खोल दरीवर एक तार ताणलेली आणि तीवरून आरामदायी डबे निघालेले. पाहिल्यावर वाटतं, निव्वळ कल्पना. पण याचं बीज होतं २२ टनांचं आणि खरोखर चालणारं. आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात वाढलेले लुई ब्रेनन यांनी १९०३ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १० नोव्हेंबर १९०९ ला इंग्लंडमध्ये केंटमधल्या गिलिंगहॅमला पूर्ण आकाराची गाडी चालवून दाखवली. पुढच्या वर्षी लंडनच्या व्हाइट सिटीतल्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनात ती एका वेळी पन्नास प्रवासी घेऊन गोल रुळावर फिरत होती.

तोल सावरायचा कसा? डब्यात विरुद्ध दिशांनी गरगर फिरणारी दोन जड चक्रं, म्हणजे जायरोस्कोप. गाडी एका बाजूला कलू लागली की चक्रांचे अक्ष आपली दिशा बदलू लागतात. ब्रेनन यांची युक्ती अशी की तो बदल यंत्रणेने आणखी पुढे ढकलायचा. त्यातून निर्माण होणारं बळ गाडीला उलट बाजूला सरळ करतं. म्हणून एका बाजूला माणसांची गर्दी झाली की ही गाडी त्या बाजूला झुकण्याऐवजी थोडी उचलली जायची. पाहणाऱ्यांना हेच सगळ्यात अचंब्याचं वाटे.

आता पैशाचा माग काढा. हा प्रश्न प्रत्येक यंत्राबाबत विचारा: कुणी पैसे दिले आणि का? ब्रेनन यांना १९०७ मध्ये सहा हजार पौंड दिले इंडिया ऑफिसने, म्हणजे लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या खात्याने, वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात लष्करासाठी झटपट रूळ टाकता यावेत म्हणून. त्यानंतर काश्मीर दरबारानेही पैसे घातले. म्हणजे युरोप-अमेरिकेतले वाचक जी गाडी भविष्यातली सुखाची सफर म्हणून पाहत होते, तिचा खर्च हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या काळजीतून निघाला होता. मुखपृष्ठावर हे कुठेही दिसत नाही. ते फक्त कागदपत्रांच्या मागावर गेल्यावरच कळतं, आणि माझ्या मते एवढ्या एका शोधासाठीही हा सगळा खटाटोप करावा.

मग ही गाडी रुळावर का आली नाही? प्रत्येक डब्याला स्वतःचं फिरतं चक्र आणि ते फिरवायला वेगळं इंजिन हवं. एक रूळ वाचवून जे मिळायचं ते यात जायचं. चक्रं बंद पडली तर काय, ही भीती वेगळीच. यंत्र चालत होतं, हिशेब चालत नव्हता. जुन्या मासिकांतल्या कितीतरी यंत्रांची कहाणी अशीच आहे. 'अशक्य कल्पना' असा शेरा मारण्याआधी 'बनलं होतं का?' हे तपासा.

शाळेतलं भौतिकशास्त्र लावून पाहा

बीज मिळालं की चित्रकाराने केलेली वाढ तपासा. इथे एकच नियम बहुतेक काम करतो: वस्तू तिन्ही मापांत दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण तिला पेलणाऱ्या भागांचा छेद चौपटच होतो. म्हणून बीचवर चालणारं एक छोटं चाक रंगवताना शंभर प्रवाशांचं महाचाक केलं की त्याच्या आऱ्या तेवढ्याच प्रमाणात जाड करून भागत नाही.

चाकाचं उदाहरण खरंच आहे. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये जे. ए. पर्व्हस यांनी 'डायनास्फिअर' नावाचं दहा फूट उंचीचं एकचाकी वाहन बनवून वेस्टन-सुपर-मेअरजवळच्या वाळूत चालवलं. चालक आतल्या बैठकीत, बाहेरचं चाक त्याच्याभोवती फिरतं. जोरात ब्रेक मारला तर काय होईल? चाकाबरोबर बैठकच फिरायला लागते. आधी विचारलेला 'थांबायचं कसं' हा प्रश्न किती उपयोगी आहे ते इथे कळतं.

उलटही घडतं. अँटोन फ्लेटनर यांच्या 'बुकाऊ' जहाजावर १९२४ मध्ये शिडांऐवजी सुमारे पंधरा मीटर उंचीचे दोन फिरणारे दंडगोल होते. फिरत्या दंडगोलावरून वारा गेला की एका बाजूला दाब कमी होतो आणि जहाज ओढलं जातं. फिरकी दिलेला क्रिकेटचा चेंडू हवेत वळतो त्याचं कारणही हेच. ते जहाज १९२६ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं. पुढे डिझेल स्वस्त असल्याने कल्पना मागे पडली. २०१० मध्ये 'ई-शिप १' हे चार दंडगोलांचं मालवाहू जहाज चालू झालं आणि इंधन वाचवायला आता इतर जहाजांवरही हे दंडगोल बसताहेत. म्हणून वहीत 'फसलेलं' असा रकाना करू नका. 'कशामुळे थांबलं' असा करा.

चित्रकार ओळखा

सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते. अनुक्रमणिकेच्या पानावरही मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं नाव कधी कधी मिळतं. सुरुवातीला तीन हात ओळखायला शिका. फ्रँक आर. पॉल यांनी वास्तुकलेचं शिक्षण घेतलेलं. त्यांच्या चित्रांत इमारती, पूल, यंत्रं भव्य आणि सुबक, माणसं मात्र ताठर आणि लहान. 'अमेझिंग स्टोरीज'चं पहिलं मुखपृष्ठ त्यांचंच: बर्फावर स्केटिंग करणारी माणसं आणि मागे आकाश व्यापून टाकणारा कड्यांचा शनी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं तेव्हा सन्माननीय पाहुणे म्हणून बोलावलं गेलं ते या चित्रकाराला. हॉवर्ड व्ही. ब्राऊन यांची माणसं जास्त जिवंत, चेहऱ्यांवर भाव. 'मॉडर्न मेकॅनिक्स'साठी काम केलेले नॉर्मन सॉन्डर्स यांच्याकडे वेग आणि धोका. यंत्र नेहमी अंगावर येणारं.

कागदी अंक घ्यायचा असेल तर

मुंबईत फाउंटन आणि माटुंग्याचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, गावोगावचे रद्दीवाले यांच्याकडे 'पॉप्युलर मेकॅनिक्स', 'पॉप्युलर सायन्स'चे अंक कधी कधी निघतात; बहुतेक १९५० नंतरचे. त्याआधीचे सहसा परदेशातून मागवावे लागतात आणि तिथे पुनर्मुद्रणं मूळ म्हणून विकली जातात. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. जुन्या छपाईत रंग ठिपक्यांच्या रांगांनी बनलेले दिसतात, आणि उठावाच्या छपाईत (वर आलेल्या ठशांवर शाई लावून दाबलेल्या) ठिपक्यांच्या कडेला शाई दाबली जाऊन किंचित गडद कड येते. इंकजेटवर छापलेल्या नकलेत रांगा नसतात, शाईचा विस्कळित फवारा दिसतो. पिनांचा गंजही पाहा: खऱ्या जुन्या अंकात तो कागदात उतरलेला असतो.

आपल्या हवेत खरा शत्रू दमटपणा. तो काळ स्वस्त, आम्लधर्मी कागदाचा; तो पिवळा पडून तुकडे पडतात, आणि पावसाळ्यात बुरशी आणि कसर लागते. पीव्हीसीच्या साध्या पिशव्या वापरू नका, त्या कालांतराने चिकटतात. पारदर्शक पॉलिस्टर फिल्मचं आवरण आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला, अंक आडवे ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या दर महिन्याला वाळवा. सेलोटेपने फाटका भाग कधीही चिकटवू नका.

स्वतः स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा आणि मग लहान करा. थेट कमी रिझोल्यूशनवर घेतलं तर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांवर येऊन चित्रावर लाटा उमटतात.

चित्र वापरायचं असेल तर

अमेरिकेत छापलेल्या अंकांसाठी सोपा हिशेब: प्रकाशनाच्या सालात ९५ मिळवा, ते वर्ष संपलं की चित्र तिथे सर्वांना खुलं. १९२५ चे अंक अशा रीतीने १ जानेवारी २०२१ ला खुले झाले. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम आहे. पॉल १९६३ मध्ये वारले, म्हणजे इथे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२३ अखेर संपला. खुलं असलं तरी मासिकाचं नाव, महिना, वर्ष आणि चित्रकाराचं नाव चित्राखाली द्याच. ते न दिल्यामुळेच ही चित्रं आज अनाथासारखी फिरताहेत आणि पुढच्या माणसाला सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक मुखपृष्ठाला एक पान द्या. वर मासिक, महिना, वर्ष, चित्रकार. त्याखाली मुखपृष्ठावरचे शब्द जसेच्या तसे आणि आतल्या लेखाचं पान, लेखाची जात. मग बीज: उपकरण, पेटंट किंवा बातमी, सालासह. मग चित्रकाराने काय वाढवलं, पैसे कुणी दिले, कशामुळे थांबलं, पुन्हा आलं का. जे सापडलं नाही तो रकाना अंदाजाने भरू नका, मोकळा ठेवा आणि कुठे कुठे शोधलं ते पेन्सिलीने लिहा. नवे अंक सतत स्कॅन होऊन येत असतात, तेव्हा दर सहा महिन्यांनी मोकळ्या रकान्यांची पानं काढून पुन्हा शोध घ्या.